ग्रंथ, भाष्य आणि अधिकार

मेहकर तालुक्यातील आमच्या गावी वर्षावासात विहारात रोज रात्री ग्रंथवाचन होते. आषाढ पौर्णिमेला ते सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेला खिरीच्या वाटपाने संपते. ग्रंथ अर्थातच 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. दिवसभर निंदणाला गेलेल्या बाया हातपाय धुऊन येतात, म्हातारे भिंतीला टेकून बसतात, पोरेसोरे दाराशी. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री दहावीतल्या एका मुलाने मध्येच उठून विचारले, "आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोनाचा?" वाचन थांबले. वाचणारे गृहस्थ वयाने मोठे, चळवळीसाठी लाठ्या खाल्लेले. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "हा बाबासायबाचा ग्रंथ हाय, पोरा. इथं शंका घ्याची नसते." मुलगा खाली बसला. पुढचे पान सुरू झाले.

मीही गप्प बसलो. शाळेत शिकवणारा माणूस मी, ग्रंथ दोनदा वाचलेला. त्या मुलाचा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः त्याच ग्रंथाच्या आरंभी दिलेल्या परिचयात विचारलेला आहे, हे मला ठाऊक होते. तरी बोललो नाही. थोरांचा मान राखला, असे तेव्हा स्वतःला सांगितले. आज ते पटत नाही.

त्या रात्रीनंतर एक गोष्ट मनात घर करून बसली. धर्मग्रंथ वाचण्याची रीत कोण ठरवते? ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला हात लावू दिला नाही, त्याच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा ग्रंथ आला, तर त्याने तो कसा वाचावा? या शोधात मी यहुदी लोकांच्या ग्रंथवाचनाकडे वळलो. चिखलीच्या बाजारात रद्दीतून घेतलेला 'जुना करार' घरात होताच. मिशनऱ्यांमुळे बुलढाणा-चिखली भागात ही पुस्तके फिरत असत. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी ती एखाद्या फळीवर सापडत. पुढे तालमूदविषयी जे मिळेल ते वाचले.

आपल्या साहित्यचर्चेत यहुदी हा शब्द आला की त्यामागून हिटलरच्या छळछावण्या येतात. निग्रोंची वेदना, यहुद्यांची वेदना, दलितांची वेदना अशी ओळ आपण लावतो. तुलना चुकीची नाही. पण ती वेदनेपाशी थांबते, आणि वेदनेपाशी थांबणारी तुलना आळशी असते. हे लोक राज्य, देऊळ, भूमी सारे गेल्यावर दोन हजार वर्षे एका ग्रंथाभोवती कसे टिकले आणि तो ग्रंथ ते कसा वाचत होते, हे आपण पाहिले नाही.

त्यांचा मूळ ग्रंथ तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके. मराठी बायबलमध्ये पाचव्या पुस्तकाला 'अनुवाद' असे नाव आहे. भाषांतर या अर्थाने नव्हे, तर पुन्हा सांगणे या जुन्या अर्थाने. नाव फार नेमके पडले आहे, कारण त्या परंपरेत सारेच पुन्हा सांगणे आहे. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना संकलित झाली. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली आणि सहाव्या शतकाच्या आसपास बाबिलोनी तालमूद आकाराला आला. सोळाव्या शतकात व्हेनिसला तो समग्र छापला गेला आणि पानाची जी मांडणी तेव्हा पक्की झाली ती आजही तशीच आहे. मध्यभागी मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातील राशी या पंडिताची टीका, दुसऱ्या बाजूला त्याच्या नातवंडांनी आणि शिष्यांनी त्याच्यावर घेतलेल्या हरकती. आजोबाचे म्हणणे आणि नातवाचा विरोध एकाच पानावर. हरलेल्या पक्षाचे मतही तेथे पुसले जात नाही. हिल्लेल आणि शम्माय या दोन घराण्यांत शेकडो वाद झाले. बहुतेक निर्णय हिल्लेलच्या बाजूने लागले, आणि त्याचे कारण तालमूद असे देतो की हिल्लेलची माणसे स्वतःचे मत सांगण्याआधी प्रतिपक्षाचे मत शिकवीत.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात एक भयंकर नियम आहे. आईबापांचे न ऐकणाऱ्या बंडखोर मुलाला गावच्या वेशीवर नेऊन धोंडमार करावा. देववचनच ते, खोडता येत नाही. मग रब्बींनी काय केले? त्यांनी शब्दाला शब्द लावून अटी वाढवल्या. मुलाने अमुक इतके मांस खाल्लेले असावे, अमुक इतका द्राक्षरस प्यालेला असावा, आई आणि बाप दोघांचीही संमती असावी. एका रब्बीने तर आईबापांचा आवाज, रूप आणि उंचीही सारखी असावी अशी अट घातली. शेवटी म्हणाले, असा मुलगा कधी झाला नाही आणि होणार नाही. हा नियम केवळ अभ्यासासाठी लिहिला आहे. दुसरा एक रब्बी लगेच म्हणतो की असा मुलगा झाला होता आणि मी त्याच्या थडग्यावर बसलो आहे. तेही त्यांनी लिहून ठेवले. क्रूर नियमाचा दात असा उपटला, की जबडा तसाच राहावा आणि चावता मात्र येऊ नये.

आणखी एक कथा तालमूदात आहे. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलिएझर एका बाजूला आणि बाकीचे सारे दुसऱ्या बाजूला. एलिएझरने चमत्कार मागितले आणि ते घडले. झाड उपटले गेले, ओढा उलटा वाहिला, पाठशाळेच्या भिंती कलल्या, शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझर बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उभा राहिला आणि म्हणाला की धर्माचा निर्णय आता आकाशात नाही, तो माणसांच्या हाती दिला आहे आणि तो बहुमताने होईल. देव हसला आणि आपली लेकरे आपल्यावर मात करून गेली असे म्हणाला, असे ती कथा सांगते. आपल्याकडे देवाला वादात हरवणारा भाष्यकार शोधून दाखवावा.

इथवर वाचून मी भारावलो होतो. पण कथा इथे संपत नाही आणि तिचे कौतुक करणारे पुष्कळ लोक पुढचे सांगत नाहीत. एलिएझरने शुद्ध ठरवलेल्या वस्तू त्या दिवशी जाळल्या गेल्या आणि त्याला बहिष्कृत केले गेले. बहिष्कृत! हा शब्द वाचून आपण थांबल्याशिवाय कसे राहू? वादाला एवढे प्रशस्त अंगण असलेल्या परंपरेनेही न वाकणाऱ्या माणसाला अंगणाबाहेर काढले. १६५६ साली आमस्टरडॅमला स्पिनोझाचेही तेच झाले. तोरा इजिप्तमधल्या दास्याची आठवण पदोपदी देतो, परक्याला छळू नका म्हणतो. पण इब्री दासाला सातव्या वर्षी मोकळे करणारा तोच ग्रंथ परदेशी दास पिढीजात ठेवायला मुभा देतो. आणि ज्या पाठशाळेत हे सारे रसरशीत वाद रंगले, तिच्या बाकांवर स्त्रीला शतकानुशतके जागा नव्हती. म्हणून यहुदी परंपरेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. मला तिच्याकडून एकच गोष्ट समजून घ्यायची आहे, आणि ती आपल्याकडच्या भाष्यपरंपरेशेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

आपल्याकडे भाष्यकार कमी नव्हते. शब्दाची चिरफाड करण्यात ते रब्बींना हार गेले नसते. छांदोग्य उपनिषदात रैक्व नावाचा गाडीखाली बसणारा ज्ञानी आहे. जानश्रुती त्याच्याकडे विद्या मागायला येतो, तेव्हा रैक्व त्याला शूद्र म्हणून हाक मारतो आणि अखेर विद्या देतो. सरळ वाचले तर अर्थ एकच, शूद्राला ब्रह्मविद्या मिळाली. मग ब्रह्मसूत्रे आणि त्यांवरचे शांकरभाष्य काय करतात? शूद्र या शब्दाची व्युत्पत्ती फिरवतात. शोकाने जो धावला तो शूद्र. म्हणजे हा जातीने शूद्र नव्हेच, क्षत्रिय आहे! आणि त्याच अधिकरणात पुढे, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे आणि लाख ओतण्याचे स्मृतिवचन भाष्यकार आधार म्हणून उद्धृत करतात. तिथे मात्र व्युत्पत्ती सुचली नाही. शिसे म्हणजे शिसेच राहिले.

दोन्हीकडची कारागिरी सारखीच आहे. शब्द वाकवायचा, अट घालायची, वचनाशी वचन ताडायचे. एकीकडे तिने बंडखोर मुलाचा जीव वाचवला, दुसरीकडे उघडे पडलेले दार बंद केले. भाष्याची पद्धत माणसाला मुक्त करते असे आपले काही विद्वान हल्ली पाश्चात्य टीकाकारांच्या आधाराने सांगतात. हे उदाहरण त्यांनी तपासावे. रब्बी ज्याच्याविषयी नियम लावत होते तो त्यांच्याच घरातला मुलगा होता. उद्या तो त्यांच्याच बाकावर बसणार होता. शांकरभाष्यातला शूद्र त्या पाठशाळेच्या दारापर्यंतही पोचणार नव्हता. ज्याच्याविषयी अर्थ लावायचा तो समोर बसलेला असेल, उलटून विचारू शकत असेल, तर भाष्यकाराच्या हाताला लगाम बसतो. परदेशी दासाला तो बाक नव्हता, म्हणून त्याची बेडीही सुटली नाही.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात हे ओळखले होते. शास्त्रांचा अर्थ व्याकरणाने नीट लावला तर त्यांत जातिभेद नाही, असे सांगणाऱ्या सुधारकांना त्यांनी झिडकारले. लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली आहेत हेच महत्त्वाचे, म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच नष्ट केले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच्या नऊ वर्षे आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जळाली होती. काही मंडळी म्हणतात की जाळण्यापेक्षा नवा अर्थ लावायला हवा होता, यहुद्यांनी नाही का लावला? यहुदी स्वतःच्या घरातला ग्रंथ वाचत होता. मनुस्मृती आमच्या घरातला ग्रंथ कधी होती?

तरीही अर्थ लावण्याची आपली एक परंपरा आहे आणि तिचा पाया जोतीरावांनी घातला. आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण देतो. लोणारच्या सरोवराविषयी कथा अशी की तेथे लवणासुर नावाचा दैत्य लपून राही. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याच्या विवरावरचे झाकण अंगठ्याने उडवले आणि त्याला मारले. दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ लोणार गावात उभे आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, उल्का आदळून काळ्या खडकात हा खळगा झाला. रब्बी लोक ग्रंथाचा सरळ अर्थ आणि खणून काढलेला अर्थ असे दोन वेगळे धरतात. पहिल्याला पशात, दुसऱ्याला दराश. लोणारच्या कथेचा सरळ अर्थ देवाचा विजय. पण 'गुलामगिरी' वाचलेला माणूस तिथे उभा राहिला की विचारतो, हा मारलेला कोण? खाऱ्या पाण्याकाठी राहणारा, जमिनीखाली ढकललेला, ज्याचे नाव दैत्य पडले तो कोणाचा पूर्वज? जोतीरावांनी मत्स्य, वराह, वामन या अवतारांना हाच प्रश्न विचारला आणि बळीराजाला पाताळातून वर आणले. त्यांच्या इतिहासातले काही तपशील आज टिकत नाहीत, हे मान्य करायला आपण घाबरू नये. पण जित्याच्या पोथीतून हरलेल्याची बाजू खणून काढण्याची ती रीत टिकते. आणि 'गुलामगिरी'चा आकारही पाहावा. तो संवाद आहे. धोंडिबा विचारतो, जोतीबा सांगतात. धोंडिबाला कोणी गप्प बसवत नाही.

'गुलामगिरी' निघाली १८७३ साली. पुढच्याच वर्षी, १८७४ ला, त्याच पुण्यात मराठीत दास्यमुक्तीचे आणखी एक पुस्तक छापले गेले, याची आपल्या वाङ्मयेतिहासात कोणी दखल घेतल्याचे मला आढळले नाही. ते म्हणजे बेने इस्रायल समाजाचा हग्गादा, हिब्रू मजकूर आणि शेजारी मराठी भाषांतर. त्याआधी १८४६ साली मुंबईतही मराठीसह हग्गादा निघाला होता. वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या ताटाशी बसून वाचायचे हे पुस्तक. इजिप्तच्या फारोची वेठबिगारी, विटा पाडणे, सुटका. पुण्याच्या प्रतीतली चित्रे मी पाहिली आहेत. लुगडी नेसलेल्या बाया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटत आहेत. आपल्याच वस्तीतल्या बाया वाटाव्यात.

हे बेने इस्रायल म्हणजे कोकणातले शनवार तेली. अलिबाग, पेण, रोहा या भागांत घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. जिथे मनुस्मृती जळाली त्याच जिल्ह्यातले. आडनावे केहीमकर, दिवेकर, रोहेकर. शतकानुशतके त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम आणि एक छोटी प्रार्थना एवढेच उरले होते. वल्हांडण ते पाळत, पण त्याचे नाव झाले होते अनाशी ढाकाचा सण, आंबवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. भांडे झाकायचे लक्षात राहिले, ते का झाकायचे ते विसरले. इजिप्त विसरले, दास्य विसरले, झाकण राहिले. प्रश्न विचारायचा थांबला की धर्माचे असेच होते, मग तो कोणाचाही असो. एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तके हाती आली तेव्हा झाकणाखालची गोष्ट त्यांना परत मिळाली. आणि मिळताच त्यांनी काय केले? १८८० च्या सुमारास कीर्तने उभी केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या थाटात, साकी-दिंडीच्या चालींवर. यहुदी परंपरेतली दराश कोकणात कीर्तन होऊन आली. भाष्य हे पंडितांचेच काम असते असे ज्यांना वाटते त्यांनी तेल गाळणाऱ्यांची ही कीर्तने आठवावीत.

या समाजातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, दोघांत बेटीव्यवहार नव्हता. जात ज्याला शिवली नाही असा धर्म या मातीत उगवायचा आहे. पुढे यातले पुष्कळ लोक इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने १९६२ साली फर्मान काढले की यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासावी. कारण दिले तेही भाष्यातलेच. तालमूदाचे घटस्फोटाचे नियम यांना माहीत नव्हते, तेव्हा पूर्वजांच्या शुद्धतेची शंका. ग्रंथ जवळ नव्हता हाच गुन्हा. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, धरणे धरले, आणि १९६४ साली त्या देशाच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. माझे म्हणणे इथे पुन्हा पक्के होते. भाष्यकारांची सभा त्यांच्याविषयी निर्णय देत होती आणि सभेत ते नव्हते.

हग्गादाची एक गोष्ट सांगायची राहिली. वाचन सुरू होते ते सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे तो विचारतो आणि चार गोष्टी विचारतो. मूल नसेल तर बायको विचारते, एकटाच माणूस असेल तर त्याने स्वतःलाच विचारायचे. प्रश्न झाल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. पुढे चार मुलांचे वर्णन येते. शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला विचारताच येत नाही तो. जो हे सारे तुमचे आहे असे म्हणून स्वतःला वेगळा काढतो त्याला दुष्ट म्हटले आहे आणि त्याचे दात बोथट करा असा सल्ला दिला आहे. मला हा भाग रुचत नाही. आपल्याकडच्या अनेक प्रामाणिक शंकेखोरांना हीच शिवी मिळाली आहे. पण तोही ताटावर आहे, घराबाहेर नाही. आणि ज्याला विचारताच येत नाही त्याच्यासाठी बापाने स्वतः आरंभ करून द्यावा, असे तिथे सांगितले आहे.

बाबासाहेबांनी १९४१ साली मोझेसवर एक लेख लिहिला होता. दास्यातून लोकांना बाहेर काढणारा आणि त्यांची कुरकुर सोसणारा हा पुढारी त्यांना जवळचा वाटला यात नवल नाही. हग्गादा त्यांनी पाहिला होता की नाही यावर मी काही बांधत नाही. पण त्यांच्या शेवटच्या ग्रंथाचा, १९५७ साली त्यांच्या पश्चात प्रकाशित झालेल्या ग्रंथाचा परिचय उघडून पाहावा. तेथेही चारच प्रश्न आहेत. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले हे पटते का? चार आर्यसत्ये मूळ बुद्धाची की मागाहून घातलेली? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कोणाचे? भिक्खू संघ कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? आणि या प्रश्नांमुळे वाचकांनी पुढे येऊन उत्तरात आपली भर घालावी, अशी अपेक्षा त्यांनी तिथे व्यक्त केली आहे. पहिल्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा, हे स्वतः एक मोठे धाडसी भाष्य आहे. पुढे ग्रंथात त्यांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही दिली आहे. जे बुद्धीला आणि तर्काला धरून नाही ते बुद्धाचे मानू नये.

म्हणजे हा ग्रंथ लिहिणाऱ्यानेच पानाची एक बाजू कोरी सोडली आहे. राशीच्या नातवंडांनी जशी भरली तशी ती आपण भरायची होती. आपण काय केले? पारायण केले. ग्रंथ वस्त्रात बांधला, फुले वाहिली. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. ज्याच्या बापाला अक्षर नाकारले त्याला अक्षर पवित्र वाटणारच, त्याचा हात थरथरणारच. पण आपल्या लेखकांनी, प्राध्यापकांनी, या नियतकालिकांत कविता आणि आत्मकथने लिहिणाऱ्यांनी त्या चार प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर मांडून, दुसऱ्याने ते खोडून, तिसऱ्याने पुन्हा उभे करून असे किती लिहिले? नकाराचे साहित्य आपण उदंड लिहिले. आपल्याच ग्रंथाशी वाद घालणारे साहित्य शोधावे लागते.

गेल्या वर्षावासाआधी मी विहारातल्या प्रतीत पाहिले. आतली पाने हाताळून मऊ पडली आहेत, कुठे तेलाचे बोट, कुठे मेणबत्तीचा थेंब. परिचयाची पाने कडक आहेत. वाचन नेहमी पहिल्या भागापासून सुरू होते; परिचय म्हणजे ग्रंथ नव्हे, असा समज. या आषाढ पौर्णिमेला त्या पानांपासून आरंभ करावा आणि त्या रात्री प्रश्न पोरांनी विचारावेत, असे मी विहाराच्या पंचांना सुचवले. दोन बाया लगेच हो म्हणाल्या. ते वृद्ध गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "अन् उत्तर आलं नाही तं?" मी म्हणालो, "काका, नाही आलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा विचारू." त्यांनी ग्रंथ मागितला, चष्मा लावला आणि परिचयाचे पान स्वतःशीच वाचायला घेतले.